दुसऱ्या पिंगळ्याचे डोळे

भांगरवाडी, लोणावळा
ऑगस्टमधला शनिवार

प्रिय उजू,

तुझा ड्रायव्हर प्रदीप काल येऊन गेला. जुन्या पलंगपोसात गुंडाळलेलं चित्र त्याने दारातूनच आत सरकवलं, चहा नको म्हणाला, गाडी रस्त्यात उभी आहे म्हणाला, आणि तुझा निरोप पाठ केल्यासारखा म्हणून दाखवला. त्या निरोपाकडे मी शेवटी येणार आहे. आधीच आले तर पत्र दोन ओळींत संपेल, आणि त्या दोन ओळी तुला तुझ्या सुहासरावांसमोर वाचता येणार नाहीत. फोन मी मुद्दाम करत नाही. फोनवर तू "अगं, ऐक ना" म्हणतेस आणि मग मी ऐकत बसते. आपली अख्खी मैत्री तशीच गेली. आज तू ऐक. ही मैत्री पुढे चालू ठेवायची की इथेच सोडून द्यायची, एवढंच मला ठरवायचं आहे. ते माझ्या एकटीच्या हातात नाही, याचा मला फार राग येतो.

तुझा पलंगपोस मी धुऊन आतल्या खोलीत दोरीवर टाकलाय. या दिवसांत काय वाळतंय, पण परत पाठवीन तो स्वच्छच पाठवीन. चित्राच्या मागच्या बाजूला बुरशीचे राखाडी ठिपके आलेत. म्हणजे ते कुठे ठेवलं होतं ते मला विचारायची गरज नाही. मळवलीच्या बंगल्यात ओल येते ती एकच खोली, जिन्याखालची, जिथे तुम्ही पाण्याच्या मोटरचे पाइप आणि गच्चीवरच्या खुर्च्या ठेवता. मी कोरड्या ब्रशने बुरशी झटकली, कापूर घातलेल्या डब्याशेजारी चित्र टेकवून ठेवलं आणि खुर्ची ओढून समोर बसले. बघता बघता मला आपली कॉन्व्हेंटची शाळा आठवली. रागाच्या भरात ती आठवायला नको होती. पण आठवली.

शाळेच्या मागे, हात धुवायच्या नळांच्या पलीकडे, तो वाकडा आंबा होता. त्याच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी राहायची. तू इंदुरीची, वसतिगृहात राहणारी. मी रेल्वेच्या क्वार्टरमधून डबा घेऊन चालत येणारी. तुला घरची आठवण आली की तू नळाखाली तोंड धरून रडायचीस, म्हणजे पाणी कुठलं आणि रडू कुठलं ते सिस्टरना कळू नये. मी तुला तिथेच पहिल्यांदा पाहिलं. आणि आपल्या दोघींना वरून ते दोघे पाहत होते. घुबडाच्या जातीची मुठीएवढी पाखरं, पांढऱ्या भुवया, पिवळे डोळे, दिवसाढवळ्या ढोलीच्या तोंडाशी बसलेली. आपण जवळ गेलो तशी ती आपल्याकडे रोखून बघत मान खाली-वर करायला लागली, ऑफिसात उशिरा आलेल्या कारकुनाकडे हेडक्लार्क बघतो ना, तशी. तू रडता रडता थांबलीस आणि त्यांच्याकडे बघून मान खाली-वर केलीस. मग मी केली. बराच वेळ आपण चौघं जण एकमेकांना तसे मुजरे करत होतो.

वर्गात मराठी शब्द तोंडातून निघाला की गळ्यात लाकडी पाटी यायची, आणि इंग्रजी तेव्हा आपल्याला धड येत नव्हतं. म्हणून आपण पिंगळ्यांचीच रीत उचलली. प्रार्थनेच्या रांगेत, परीक्षेच्या हॉलमध्ये, तू त्या टोकाला आणि मी या टोकाला, मान एकदा खाली, एकदा वर. मी आहे इथे, एवढाच अर्थ. तुझ्या लग्नात तू मुंडावळ्या बांधून पाटावर बसली होतीस तेव्हासुद्धा तू गर्दीत मला शोधून मान हलवलीस, मुंडावळ्या नाकावर आल्या आणि भटजी तुझ्यावर खेकसले. आमच्या प्रज्ञेशचे बाबा, कैलास, गेले त्या दिवशी अंगणात माणसं मावत नव्हती. तू फाटकातून आत येऊ शकली नाहीस. तिथूनच मान हलवलीस. त्या दिवशी मला काही दिसत नव्हतं, पण तेवढं दिसलं.

आणखी एक आठवतं, ते तुला आठवतं का बघ. आपण पाचवीत होतो. दिवाळीच्या सुट्टीत तू मला इंदुरीला घेऊन गेलीस. तुझ्या काकूंनी ओट्यावरूनच मला विचारलं, "आडनाव काय गं तुझं?" मी सांगायला तोंड उघडलं आणि तू मध्ये पडलीस. म्हणालीस, "ती माझी मैत्रीण आहे, तिला आडनाव नाही." काकूंना हसावं की ओरडावं कळेना. शेवटी त्यांनी आपल्या दोघींना एकाच ताटात करंज्या दिल्या आणि मळ्यात पिटाळलं. मी घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, पोरगी हिमतीची आहे, सोडू नकोस तिला. बाबांचं मी ऐकलं. तुला कधी सोडलं नाही. काकूंसमोर तू उभी राहिलीस तेव्हा तुझी उंची त्यांच्या खांद्याएवढीसुद्धा नव्हती.

आता रंगांविषयी. हे तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण तुझ्या निरोपावरून तू विसरलेली दिसतेस. कैलास गेल्यावर मी बँकेतून घरी यायची आणि दिवा न लावता बसायची. तू शनिवारी शनिवारी पुण्याहून यायचीस. एकदा ॲक्रिलिकच्या ट्यूबांची पेटी आणि ब्रश घेऊन आलीस. म्हणालीस, सिस्टर फ्लाविया तुझ्या चित्रांना चांगलं म्हणायची, आता काढ. मी म्हटलं, हे रंग लगेच वाळतात, मला जमायचं नाही. तू म्हणालीस, लगेच वाळतात तेच बरं, तुला रडत बसायला वेळ मिळणार नाही. स्टीलच्या ताटलीत ओलं फडकं घालून त्यावर रंग काढायचे, फवाऱ्याच्या बाटलीने पाणी मारत राहायचं, हे सगळं मी त्या हिवाळ्यात शिकले. पहिलं शेकरू काढलं ते प्रज्ञेशसाठी. राजमाचीच्या वाटेवर लहानपणी त्याने पाहिलं होतं आणि त्याच्यामागे धावताना गुडघा फोडून घेतला होता. ते आता बेंगळुरूला त्याच्या हॉलमध्ये आहे. मग शेजारच्या रूपाला मुंगूस दिलं, जे तिच्या न्हाणीच्या पाइपातून तोंड काढायचं. दातांच्या डॉक्टरांना वानर दिलं, ज्याने त्यांचा डबा पळवला होता. माझा नेमच झाला तो. ज्याला भेट द्यायची त्याला खरोखर भेटलेला प्राणीच काढायचा. आणि दुसरा नेम तुझ्यापासून सुरू झाला. डोळ्यातला पांढरा ठिपका, ज्याने प्राणी जिवंत होतो, तो मी काढत नाही. चित्र ज्याचं, त्याने तो स्वतःच्या हाताने काढायचा. प्रज्ञेशच्या शेकराला तो ठिपका तू दिलास, कारण तेव्हा तो परदेशी होता आणि तू म्हणालीस, मावशी म्हणून माझा हक्क आहे. ब्रशही तूच निवडलास, पेटीतला सगळ्यात बारीक, ज्याची दांडी तू विचार करता करता चावली होतीस. तेव्हापासून प्रत्येक चित्राला डोळा त्याच ब्रशने.

गेल्या दिवाळीच्या सुमारास तू फोन केलास. मळवलीचा बंगला पुरा होत आला होता, वास्तुशांत काढायची होती. तू म्हणालीस, हॉलमध्ये दारासमोरची भिंत तुझ्यासाठी ठेवली आहे, आणि मला दुसरं काही नको, आपले पिंगळेच हवेत. मी विचारलंसुद्धा, उजू, तुमच्याकडे चालेल का, लोक घुबड म्हणतील. तू हसलीस. म्हणालीस, घर माझं आहे, यशी. ते वाक्य मी सबंध हिवाळाभर पुरवलं. आंब्याची ढोली काढली, खोडावरचं शेवाळ काढलं. पिंगळ्याच्या अंगावरचे पांढरे ठिपके काडेपेटीच्या काडीच्या टोकाने एकेक उठवले. भुवया जाड रंगाने उठावदार केल्या, म्हणजे बोट फिरवलं तर हाताला लागाव्यात. डोळे पिवळे केले, बुबुळं काळी केली आणि ठिपके तुझ्यासाठी ठेवले.

वास्तुशांतीच्या दिवशी होम झाल्यावर तू मला आत नेलंस, चित्र उघडलंस आणि भुवयांवरून बोट फिरवलंस. मला तेवढंच पुरेसं होतं. मी पर्समधून ब्रश आणि पांढऱ्याची छोटी बाटली काढली. तू एका पिंगळ्याच्या दोन्ही डोळ्यांत ठिपके दिलेस. तो पिंगळा एकदम आपल्याकडे बघायला लागला. तेवढ्यात बाहेरून कुणी तरी हाक मारली, तू म्हणालीस आलेच, दुसरा आल्यावर करू, आणि गेलीस. रंग वाळू नये म्हणून मी ब्रश धुवायला स्वयंपाकघराच्या मागच्या मोरीत गेले. मधलं दार उघडंच होतं.

तुझ्या वन्सं हॉलमध्ये आल्या. त्या आधी हसल्या, मग त्यांचं हसू थांबलं, हे मला मोरीतून नुसत्या आवाजावरून कळलं. त्या म्हणाल्या, "घुबड? वास्तुशांतीला?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्यांच्यात चालत असेल." नळ चालू होता, तो मी बंद केला. मी वाट बघत होते. मला वन्संचं काही वाटलं नाही गं, खरंच नाही. असली वाक्यं मी बँकेत, लग्नांत, रेल्वेच्या डब्यात, आयुष्यभर ऐकली आहेत आणि ऐकून चहा प्यायले आहे. मी तुझी वाट बघत होते. आता ही म्हणेल, मीच मागितलं होतं. आणि तू म्हणालीस, "जाऊ द्या वन्सं, तिच्या लक्षात आलं नसेल."

माझ्या लक्षात आलं नसेल. मी ओला ब्रश हातात घेऊन दारात आले. तू माझ्याकडे पाहिलंस. एवढ्या माणसांत मला दुसरं काही सुचलं नाही म्हणून मी मान खाली-वर केली. आणि तू, उजू, पदर नीट केलास आणि वन्संना जेवायला बसवायला घेऊन गेलीस. मी श्रीखंडाची वाटीसुद्धा संपवली. सारिकाने, तुझ्या सुनेने, आग्रह केला म्हणून पुरी घेतली. मळवली स्टेशनपर्यंत चालत आले. त्यानंतर तू फोनवर हवापाण्याचं बोलत राहिलीस आणि मी हवापाण्याचं ऐकत राहिले.

जूनमध्ये सुहासराव व्हरांड्यातल्या गुळगुळीत फरशीवर घसरले आणि पाय मोडला. मी भेटायला आले तेव्हा तू औषधं आणायला लोणावळ्याला गेली होतीस, म्हणजे आपण रस्त्यात एकमेकींना ओलांडून गेलो. सुहासराव माझ्याशी चांगलं बोलले, पण सारखे भिंतीकडे बघत होते. तिथे खिळा होता आणि चित्र नव्हतं. मी विचारलं नाही. जाताना मागच्या दारी तुमच्याकडे काम करणाऱ्या कस्तुराबाई भांडी घासत होत्या, त्यांनीच मला थांबवलं. म्हणाल्या, "बाई, तुमच्या पाखराला कोपऱ्यात उभं केलंय बगा, भिताडाकडं तोंड करून. साहेब पडलं ना, मग काढलं." मग हात पुसत अगदी सरळ सांगितलं, "मीच फडकं टाकलंय वरनं. मला लय भ्या वाटतं त्याचं. एक बगतंय आन् एक बगतच न्हाई. दोगंबी बगत असती तर एवढं वाटलं नसतं."

मला हसू आलं. शाळेत गृहपाठ केला नाही की आपल्यालाही असंच भिंतीकडे तोंड करून उभं करायचे. पण मला कस्तुराबाईंचा राग आला नाही, कारण ती बाई घाबरते ते मला तोंडावर सांगते. तू कशाला घाबरतेस ते मला मोरीतून ऐकावं लागलं. आणि फरशीचं म्हणशील तर बंगला बांधताना मी तुला म्हटलं होतं, इथे पावसात सगळ्याला शेवाळ धरतं, व्हरांड्याला खरबरीत फरशी घाल. तू म्हणालीस, ती दिसायला बरी नाही. सुहासरावांना चमकदार फरशीने पाडलं, उजू. पिंगळे आतल्या भिंतीवर होते. त्यांच्यातला एक तर आंधळाच होता.

आता तुझा निरोप. प्रदीपने सांगितला तसा लिहिते. मॅडम म्हणाल्या, साहेब चालायला लागले म्हणून रविवारी पूजा आहे, वन्सं येणार आहेत, तर यावरच एक मोर काढून द्या, पिसारा फुलवलेला. या रंगांवर वरून रंगवता येतं, खालचं काही दिसत नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं. कॅनव्हास वाया जायला नको.

हो, मीच सांगितलं होतं. ॲक्रिलिकवर काहीही चढतं. आधी पांढरा हात द्यायचा, मग मोर काय, हत्ती काढला तरी खालचं झाकलं जातं. रंग झाकला जातो. पण जाड रंगाची कड झाकली जात नाही. तुझ्या हॉलमध्ये संध्याकाळी पश्चिमेच्या खिडकीतून तिरपा उजेड येतो. तो पडला की मोराच्या पोटातून दोन गोल डोकी वर येतील, भुवया आणि ठिपक्यांसकट, आणि तुझ्या वन्सं नेमक्या तेव्हा चहा पीत बसलेल्या असतील. शिवाय माझा नेम मी सांगितलाच. भेटलेला प्राणीच काढायचा. तू आणि मी मिळून मोर कधी पाहिला? तू पाहिलास तो वन्संच्या पैठणीवर. तो मला काढता येत नाही.

उद्या सकाळी प्रदीप मोर न्यायला येईल. मी त्याला तुझा पलंगपोस, हे पत्र आणि पत्राबरोबर एक लहान पुडी देणार आहे. पुडीत तो बारीक ब्रश आहे, दांडी चावलेला. चित्र माझ्याकडेच राहील. ते मी आमच्या दारासमोर, बुद्धाच्या तसबिरीशेजारी टांगलं आहे; एक पिंगळा बघतो आहे आणि एक नाही. कस्तुराबाईंचं खरं आहे, ते तसं बघवत नाही. पण दुसऱ्याचे डोळे मी काढणार नाही. ते तुझे ठेवले होते आणि अजून तुझेच आहेत. पांढरा रंग माझ्याकडे आहे, ब्रश आता तुझ्याकडे. उद्या पूजा आहे, वन्सं समोर असतील. भिंत रिकामी का, असं त्या विचारतीलच. तेव्हा त्यांना सांग की पिंगळे तू मागितले होतेस. मला कळवायची गरज नाही, मी विचारणारही नाही, तुझ्या तोंडाकडे बघून मला कळेल. ते सांगितल्यावर ब्रश घेऊन ये. तो प्रदीपच्या हाती पाठवू नकोस. पोस्टाने तर अजिबात नको. सांगितलं नाहीस तर ब्रश तुझ्याकडेच राहू दे, मी बाजारातून दुसरा आणीन आणि ते डोळे स्वतः काढीन. मग दोन्ही पिंगळे माझे. आलीस तर फाटकातून हाक मारू नकोस, बेलही वाजवू नकोस. तिथेच उभी राहून मान हलव. मी खिडकीत असेन. उलट मान हलवीन की नाही, ते मला आज सांगता येत नाही.

अजून तरी तुझीच,
यशोधरा